जुन्या गाडीच्या ब्रेक पाइपाचे जाम झालेले नट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मारुती ८०० १९९७ सालची, आणि तिचं सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उरलेले महिने खारा वारा, आणि चाकांच्या कमानींत घट्ट बसलेली तांबडी माती. अशा गाडीखाली पाना घेऊन शिरलं की इंजिनापेक्षा ब्रेक पाइपाचे नटच जास्त घाम काढतात. ही गाडी देशात १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं बनली, त्यामुळे अजून पुष्कळांच्या दारात उभी आहे. विचारणारेही पुष्कळ. तेच ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तुमची गाडी वेगळी असली तरी बरंचसं लागू पडेल.

सुरुवात कुठून करायची?

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवा. पाइप वाचवायचा आहे की नाही?

हे ठरवलेलं नसतं म्हणूनच बहुतेकांचं काम बिघडतं. नट सुटत नाही, पाइप तर गंजलेलाच आहे, तरी दोन्ही वाचतील या आशेवर तासभर झटापट चालते. शेवटी पाइप पिळतो, नट गोल होतो आणि व्हील सिलिंडरचे (चाकापाशी ब्रेक शू दाबणाऱ्या भागाचे) आटेही जातात. पाइपावर नख ओढून बघा. वरचा गंज निघून खाली गुळगुळीत धातू लागला तर पाइप चांगला आहे, तो वाचवायचा प्रयत्न करा. खपल्या पडल्या, खड्डे दिसले, क्लिपच्या खाली पाइप बारीक झालेला दिसला तर तो गेला असं समजा. मग तो सरळ कापा, काम निम्मं सोपं होतं. कसं ते पुढे येतंच.

क्लिपखाली जरूर बघा. उघड्या जागी पाइप धुतला जातो, वाळतो. क्लिपमध्ये चिखल अडकतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो. माझ्या गाडीचा पाइप दोन्ही वेळा मागच्या अ‍ॅक्सलवरच्या क्लिपखालीच सडला होता. बाहेरून बघणाऱ्याला तो ठणठणीत वाटला असता.

नट जाम होतो म्हणजे नेमकं काय होतं?

दोन वेगळ्या गोष्टी होतात, आणि उपायही वेगळे आहेत.

पहिली, नटाचे आटे समोरच्या भागात गंजून बसतात. समोर व्हील सिलिंडर असेल, होसचं (चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळीचं) टोक असेल नाहीतर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की सगळीकडे ऑइल ढकलणारा मुख्य भाग. पाइपाचा नट पोलादी असतो. मास्टर सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर दोन धातूंच्या मध्ये ओल शिरून पांढरी भुकटी धरते. ती तांबड्या गंजापेक्षा हट्टी असते.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. नट पाइपावर मोकळा फिरायला हवा, पण त्या दोघांच्या मधल्या फटीत गंज भरून ते एकजीव होतात. अशा वेळी आटे सुटले तरी नटाबरोबर पाइपही वळतो. पाना फिरला म्हणून तुम्ही खूश होता आणि तिकडे पाइपाला जिलबीसारखा पीळ पडत असतो. म्हणून पाना फिरवताना डोळा नटावर नको, नटापासून बोटभर अंतरावरच्या पाइपावर ठेवा. तिथे पाइपाच्या लांबीने खडूची एक रेघ मारा. रेघ हलली की थांबायचं.

कोणता पाना लागतो?

फ्लेअर नट पाना. रिंग पान्यासारखाच दिसतो, फक्त पाइप आत सरकवण्यापुरता एका बाजूने चिरलेला असतो. साधा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, हा पाच धरतो. मारुती ८०० ला आणि बऱ्याच जपानी वंशाच्या गाड्यांना दहाचा लागतो. नटाचे आटे एम-१०, एक मिलिमीटर पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). अँबॅसडरचं मूळ इंग्रजी, तिथे इंची हिशेब येतो. तिच्यावर मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावू नका.

पाना घेताना पैसे वाचवू नका. पातळ, मऊ पोलादाचा फ्लेअर पाना जोर दिला की चिरेपाशी फाकतो, मग तो फिक्स पान्याइतकाच निरुपयोगी. नाशिकच्या टपारियासारख्या नावाजलेल्या कंपनीचा घ्या किंवा जुन्या बाजारातला जाड जपानी पाना मिळाला तर तो. नवा पाना आधी एखाद्या चांगल्या नटावर बसवून बघा. डुगडुगत असेल तर परत करा.

हे मी पैसे मोजून शिकलो. गणेश चतुर्थीला दोन दिवस होते, मागच्या डाव्या ड्रममधून ब्रेक ऑइल पाझरत होतं. म्हटलं सिलिंडर बदलायला असा कितीसा वेळ लागणार. दहाचा फिक्स पाना लावला आणि झटका दिला. पाना सटकला, बोटाचा सांधा अ‍ॅक्सलवर आपटला आणि नटाचे सहाही कोपरे गेले. त्या वर्षी गणपती रिक्षातून आले. आई मांडीवर मूर्ती धरून बसली होती आणि पूर्ण रस्ताभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

गाडीखाली शिरण्याआधी काय तयारी करायची?

जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा, उरलेल्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मागचे ड्रम काढायचे असतील तर हँडब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे ठोकळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लावा. डोळ्यांना चष्मा हवाच. आडवं पडून वर बघत गंज खरवडला की तो कुठे पडणार हे सांगायला नको. जुने ब्रेक शू असतील तर ड्रममधली काळी धूळ हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाण्याने भिजवून पुसून घ्या.

ब्रेक ऑइल रंग खातं. जवळ पाण्याची बादली ठेवा. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं. फडक्याने पुसत बसलात तर ते आणखी पसरेल.

नट सुटल्यावर मास्टर सिलिंडरची बाटली रिकामी होऊ नये म्हणून जुनी युक्ती आहे. ब्रेक पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून, सीटला काठी टेकवून तसंच अडकवून ठेवा. त्यामुळे आतलं छिद्र बंद होतं आणि ऑइल नुसतं ठिपकत राहतं. काठी लावल्यावर ब्रेक लाइट पेटलेला राहतो, म्हणून बॅटरीची एक वायर काढून ठेवा. मी विसरलो होतो. काम झालं, पण गाडी धक्का मारून सुरू करावी लागली.

नट सोडवायची तुमची पद्धत काय?

आधी स्वच्छता. लोक हिला कमी लेखतात, पण निम्मं काम तीच करते. तारेच्या ब्रशने नट, नटाच्या मागचा पाइप आणि नट आत शिरतो ती कड, हे तिन्ही धातू दिसेपर्यंत घासा. नटाच्या सपाट बाजूंवर गंजाचा थर असेल तर पाना पूर्ण बसत नाही आणि तिथूनच घसरायला सुरुवात होते. कोपऱ्यांतला चिखल दाभणाने काढा.

मग गंज सैल करणारा स्प्रे. दोन जागी मारायचा. नट समोरच्या भागात शिरतो तिथे, आणि पाइप नटात शिरतो त्या मागच्या फटीत. दुसरी जागा सगळे विसरतात, आणि पाइप पिळतो तो तिथेच. मी आदल्या दिवशी सकाळी, संध्याकाळी आणि कामाच्या दिवशी सकाळी असा तीनदा मारतो. दहा मिनिटांत चमत्कार होत नाही.

स्प्रे मुरल्यावर नटाच्या बाजूंवर छोट्या हातोडीने हलके ठोके द्या, मागे दुसरी जड हातोडी टेकवून. नट वाकवायचा नाही, आतला गंज हादरवायचा आहे. कथिलाच्या भांड्यावर ठोका दिल्यासारखा बद्द आवाज येत असेल तर अजून सगळं घट्ट आहे. आवाज थोडा मोकळा झाला की हाताला कळतं. हे शब्दांत सांगणं कठीण आहे, दोन-तीन नट झाले की कळायला लागतं.

आता पाना. पहिला जोर सोडवायच्या नाही, आवळायच्या दिशेने द्या, अगदी केसभर. गंजाची पकड तुटल्याचा बारीक ‘टक्’ आवाज येतो. मग सोडवायच्या दिशेने. पाव फेरा सुटला की थांबा, स्प्रे मारा, परत थोडं आवळा, परत सोडा. पुढे-मागे करत न्या. एका दमात काढायला गेलात तर सुटलेला गंज आट्यांत चेंगरून नट अर्ध्यावर अडकतो, आणि तिथे अडकलेला नट पहिल्यापेक्षा वाईट.

दिशेबद्दलही सांगतो, कारण गाडीखाली उताणं पडलं की डावं-उजवं कळेनासं होतं. पाइपाच्या बाजूने नटाकडे बघतोय अशी कल्पना करा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. जाम वाटणारे कितीतरी नट मुळात चुकीच्या दिशेने आवळले जात असतात. माझ्याकडूनही झालंय.

नट सुटतोय, पण पाइपही फिरतोय. आता?

थांबा. पाइप-नटाच्या फटीत पुन्हा स्प्रे मारा. नट थोडा सुटलेला असेल तर पाइप पीळ सहन करेल इतकाच, म्हणजे फेऱ्याचा आठवा भाग, पुढे-मागे पंधरा-वीस वेळा हलवा. बऱ्याचदा नट पाइपावरून मोकळा होतो.

नाहीच झाला तर उलटा विचार करा. नट फिरत नसेल तर समोरचा भाग फिरवा. पुढच्या चाकांच्या होसला हे उत्तम जमतं. होसचा कॅलिपरकडचा (पुढच्या चाकाची डिस्क दाबणाऱ्या भागाकडचा) बोल्ट काढा, ब्रॅकेटवरची क्लिप खेचून काढा, पाइपाचा नट फ्लेअर पान्याने जागेवर धरून ठेवा आणि होसचं टोक दुसऱ्या पान्याने फिरवा. पाइप आणि नट जागचे हलत नाहीत, होस निघून येतो. होस तसाही जुना झालेला असतो, नवा घाला.

मागच्या व्हील सिलिंडरलाही तत्त्व तेच. शू काढून, सिलिंडरचे बोल्ट सोडून सिलिंडरच फिरवायचा. पण हब आड येतो, त्यामुळे नेहमी जमेलच असं नाही.

पाइप बदलायचाच आहे. मग सोपं काय?

पाइप नटाच्या अगदी मागून कापा. हॅक्सॉचं पातं किंवा छोटा पाइप कटर, काहीही चालेल. पाइप गेला की नटावर पूर्ण बंद सहा कोनी सॉकेट बसतो. सहाही बाजू धरल्या जातात, लांब दांडा लावता येतो, आणि जो नट दोन दिवस हलत नव्हता तो बहुतेक वेळा मुकाट्याने निघतो. बारा कोनी सॉकेट मात्र नको, तो कोपरेच खातो.

पाइप वाचवायचा नसताना फ्लेअर पान्याने झगडत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे असं माझं स्पष्ट मत. तरी लोक कापायला घाबरतात. कापलं म्हणजे परतीचा रस्ता बंद, असं वाटत असावं. गंजलेल्या पाइपाला तो रस्ता तसाही नसतो.

नट गोल झाला. काही आशा?

आहे. सगळ्यात आधी जवळचा लहान पाना ठोकून बसवून बघा. ३/८ इंची पाना साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणून कोपरे गेलेल्या दहाच्या नटावर हातोडीने ठोकला की घट्ट बसतो. जुन्या फिटरांकडे इंची पाने असतात, मागून आणा. नाहीतर नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजू कानशीने घासून नऊचा पाना बसेल इतपत सपाट करा.

त्यानंतर लॉकिंग ग्रिप प्लायर. तो शेवटचा उपाय समजून वापरा, कारण त्याचे दात नटाची उरलीसुरली कड खातात. जबडा नटाच्या पूर्ण लांबीवर येऊ द्या, स्क्रू इतका आवळा की दांडा दोन हातांनीच बंद होईल. साधी पक्कड लावायच्या भानगडीत पडू नका.

कोणता स्प्रे चांगला? रॉकेल चालतं का? कोल्ड्रिंकबद्दल ऐकलंय.

डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतो, मीही तोच वापरतो. त्याचं मूळ काम पाणी हटवण्याचं. १९५३ मध्ये अमेरिकेत बनला आणि नावातला ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. खास गंज सैल करण्यासाठी बनवलेले स्प्रे त्याहून सरस असतात. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं मिसळून घरी केलेलं मिश्रणही चांगलं आत शिरतं, पण ते लगेच वेगळं होतं, दर वेळी हलवून घ्यावं लागतं. आणि अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, बिडी बाजूला ठेवा.

रॉकेल आणि डिझेल चालतात, पण हळू. रात्रभर फडकं भिजवून नटाला गुंडाळून ठेवायला हरकत नाही. कोल्ड्रिंकमध्ये सौम्य आम्ल असतं खरं, पण साखरही असते. मला त्याचा उपयोग झाला नाही, मुंग्यांना झाला.

एक पथ्य सगळ्यांना सारखंच. यातलं कुठलंही तेल ब्रेकच्या आत जाऊ देऊ नका. ब्रेकची रबरं ब्रेक ऑइलसाठी बनलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात, पिस्टन अडकतो आणि चाक धरून बसतं. नट पूर्ण काढायच्या आधी बाहेरचं तेल पुसून घ्या, आणि सुटल्यावर उघडी तोंडं लगेच रबरी टोपीने बंद करा. ब्लीडरची (ब्रेकमधली हवा काढायच्या निप्पलची) जुनी टोपी पाइपाच्या टोकावर छान बसते.

गॅसने तापवू का?

गाडीवर नको. एवढंच उत्तर द्यावंसं वाटतं, पण विचारणारे थांबत नाहीत, म्हणून कारणं सांगतो. मारुती ८०० ची पेट्रोल टाकी मागे, अ‍ॅक्सलच्या जवळ. पेट्रोलचा पाइपही ब्रेक पाइपाच्या सोबतीने जातो. एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर विषयच संपला. तापलेल्या ब्रेक ऑइलची वाफही पेट घेते. आणि काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो. तो तापला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. क्लीनर मारून लगेच टॉर्च लावणारे पाहिलेत, म्हणून लिहितोय.

कापलेल्या पाइपाच्या तुकड्यासकट सिलिंडर काढून टेबलावर आणला असेल, रबरं बाहेर असतील, ऑइल निथळून भाग कोरडा असेल, तर तापवा. लालभडक करायची गरज नाही. गरम असताना जोडावर मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. थंड होताना पाना लावा. पण खरं सांगू, व्हील सिलिंडरसाठी एवढा खटाटोप करू नका. नवा मिळतो आणि फार महागही नाही. दुर्मिळ गाडीचा भाग असेल तरच हा उद्योग.

ब्लीडर निप्पल जाम आहे.

निप्पल आतून पोकळ असतो, म्हणून नटापेक्षा लवकर तुटतो. आत बरोबर बसेल असा ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा सरकवून ठेवा, म्हणजे पाना लावल्यावर तो चेपत नाही. डोक्यावर सरळ, हलके ठोके द्या. बाकी कृती वरचीच. तुटला तर सिलिंडर बदला. कॅलिपरवर तुटला तर मशीन शॉपला द्या. तिथे घरगुती ड्रिलिंगने छिद्र तिरकं होतं.

नवा पाइप कुठला? एसीवाल्याकडचा तांब्याचा चालेल का?

नाही. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. फ्रिज-एसीची तांब्याची नळी मऊ असते, थरथरीने कडक होऊन चिरते. जोरात ब्रेक मारला की पाइपात दर चौरस सेंटिमीटरला सत्तर-शंभर किलोचा दाब येतो. टायरमध्ये दोन किलोच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा.

तयार पाइप मिळत असेल तर तो घ्या, नट आणि दोन्ही तोंडं करून येतो. आपल्याकडे ८०० चे पाइप अजून मिळतात. स्वतः बनवायचा तर ४.७५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, ब्रेकसाठीच बनलेली पोलादी नळी घ्या. कोकणासारख्या ठिकाणी तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिच्यात नव्वद टक्के तांबं, दहा टक्के निकेल असतं. ती गंजत नाही आणि हाताने वाकते. व्होल्व्होने १९७० च्या दशकातच ती वापरायला सुरुवात केली होती. स्वीडनच्या रस्त्यांवरचं मीठ आणि आपला खारा वारा यांत फारसा फरक नाही.

तोंड मात्र दुहेरी फ्लेअरचं हवं, म्हणजे पाइपाची कड बाहेर फुलवून परत आत दुमडलेली. एसीवाल्याचं हत्यार एकेरी फ्लेअर करतं. दिसायला सारखं दिसतं, पण पातळ कड दाबाखाली चिरते. काही युरोपीय गाड्यांना बुडबुड्याच्या आकाराचं तोंड लागतं, ते यात बसत नाही आणि हे त्यात बसत नाही. जुना पाइप समोर ठेवूनच नवा बनवा. आणि तोंड फुलवायच्या आधी नट पाइपात ओवलाय ना, बघा. हसू नका.

सडलेला तेवढाच तुकडा कापून मध्ये जोड दिला तर?

दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर आणि मध्ये ब्रेकचाच युनियन (दोन पाइपांचे नट जोडणारा तुकडा) असेल तर चालतो. पितळी ऑलिव्हचा जोड, म्हणजे गॅसच्या किंवा पाण्याच्या नळीला आवळतात तो, अजिबात नाही. वेल्डिंग किंवा ब्रेझिंगही नाही. माझं म्हणाल तर जिथे एक जागा सडली तिथे शेजारची रांगेत उभी असते. पूर्ण पाइप बदला.

नट पाझरतोय. टेफ्लॉन टेप लावू का?

नको. ब्रेकचा जोड आट्यांवर बंद होतच नाही. पाइपाचं फुलवलेलं तोंड समोरच्या उतरत्या कडेवर दाबून बसतं, तिथे तो बंद होतो. आटे फक्त दाबायचं काम करतात. पाझरत असेल तर तोंड खराब आहे, कचरा आहे, नाहीतर नट तिरका चढलाय. मी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजात टेप गुंडाळून घेतली होती. व्हील सिलिंडर उघडला तर पांढरी धागोरी आत पिस्टनपाशी पोहोचलेली.

परत बसवताना किती आवळायचं?

आधी बोटांनी. नट तीन-चार फेरे बोटांनीच जायला हवा. जात नसेल तर काढा, पाइप थोडा हलवून सरळ रेषेत आणा, परत लावा. म्हणूनच पाइप क्लिपमध्ये अडकवायच्या आधी दोन्ही टोकांचे नट चढवायचे. मग पाना, १४ ते १८ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना, एका हाताच्या मनगटाचा जोर. दांड्यावर लटकू नका.

पुढच्या वेळी हाच त्रास नको असेल तर नटाच्या मागे, पाइप आणि नट यांच्या फटीत, थोडं तांबेयुक्त अँटीसीझ (जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा. तोंडाला आणि आतल्या बाजूला काहीही नाही. गावाकडे गाडीच्या पोटाला जळकं इंजिन ऑइल फासायची पद्धत आहे. पत्र्याला ठीक, पण ते ओघळून ब्रेक होसवर गेलं की रबर खराब होतं. पाइप आणि होस सोडून फासा.

पाइप उघडल्यावर ब्रेकमध्ये शिरलेली हवा कशी काढायची?

ही गाडी कोनाकोनाच्या जोडीची आहे, म्हणजे मागचं डावं आणि पुढचं उजवं एका लाइनवर, उरलेली दोन दुसऱ्या लाइनवर. मास्टर सिलिंडर उजव्या हाताला, त्यामुळे मागचं डावं सगळ्यात लांब. मी तिथून सुरू करतो, मग पुढचं उजवं, मग मागचं उजवं, शेवटी पुढचं डावं. बाटली रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पहिल्यापासून.

पेडल दाबणाऱ्याला सांगून ठेवा, पूर्ण तळापर्यंत दाबायचं नाही. खाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जिथे जात नाही तिथे गंज आणि कीट साचलेलं असतं. रबर त्यावरून गेलं की फाटतं, आणि पाइपाचं काम करता करता मास्टर सिलिंडरचं काम निघतं.

ऑइल नव्या बाटलीतलं, डॉट-३ किंवा डॉट-४, मास्टर सिलिंडरच्या बाटलीच्या झाकणावर लिहिलं असेल ते. गेल्या पावसाळ्यात उघडलेली बाटली वापरू नका. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट-३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत खाली येते. आंबा घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. डॉट-५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

काम झालं हे कसं ओळखायचं?

प्रत्येक जोड कोरडा पुसून त्याला टिश्यू पेपर गुंडाळा. कुणाला तरी पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरायला सांगा. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) असेल तर इंजिन चालू ठेवून. कागदावर ठिपका आला तर जोड पाझरतोय. पेडल हळूहळू खाली जात असेल आणि कागद कोरडे असतील तर मास्टर सिलिंडरकडे बघा. मग गल्लीतच, चालायच्या वेगात, दहा वेळा ब्रेक मारून बघा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने परत खाली वाकून जोडांना बोट लावायचं.

हे काम मिस्त्रीकडे कधी सोपवावं?

अ‍ॅल्युमिनियमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नट अडकला असेल आणि नवा सिलिंडर सहज मिळणारा नसेल तेव्हा. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटचे नट असतील तेव्हा, कारण तिथली हवा काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो. आणि गाडी पंधरा वर्षांची होऊन नूतनीकरणाच्या फिटनेस तपासणीला उद्या न्यायची असेल तेव्हा. घाईत हे काम होत नाही, चतुर्थीचं वर सांगितलंच.

काढलेले जुने नट टाकून द्यायचे का?

सगळं जोडून होईपर्यंत नाही. पार्ट्सच्या दुकानात ‘आठशेचा ब्रेक नट’ म्हणून मागितलं की काउंटरवरचा मुलगा डब्यातून दिसेल तो देतो. पिच वेगळा असला तरी दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि आपण गंज समजून पाना लावतो. जुना नट घासून खिशात घेऊन जा, दोन्ही शेजारी धरून आट्यांत आटे बसवून बघा, मधून उजेड दिसता कामा नये. माझे दोन जुने नट अजून स्कूटरच्या डिकीत आहेत, त्यातला एक गोल.